मेहेर, वारसा, तलाक: इस्लाममध्ये स्त्रीच्या हाती नेमकं काय आहे

१८४७ साली मुंबईच्या तेव्हाच्या सुप्रीम कोर्टात खोजा आणि कच्छी मेमन या मुस्लिम समाजांतल्या मुलींचे दावे उभे राहिले. वडिलांच्या मालमत्तेत कुराणाने ठरवून दिलेला वाटा आम्हाला मिळावा, एवढीच त्यांची मागणी होती. समोरच्या बाजूने सांगितलं की आमच्या समाजात मुलींना वाटा द्यायची रीत नाही. न्यायमूर्ती अर्स्किन पेरी यांनी रीत ग्राह्य धरली आणि मुली हरल्या. पुढे १९३७ साली शरियत कायदा आला, म्हणजे रूढीऐवजी शरियत, इस्लामी धर्मकायदा, लावायचं ठरलं; त्यामागे हेही एक कारण होतं की रूढीच्या नावाखाली मुस्लिम मुलींचा वाटा बुडवला जात होता. त्या कायद्यातूनही शेतजमीन वगळली गेली, आणि खेड्यापाड्यांत वाटणी करण्याजोगी मालमत्ता म्हणजे मुख्यतः शेतजमीनच.

इस्लाम आणि स्त्री या विषयावरचा निम्मा गोंधळ या एका खटल्यात दिसतो. कुराणाचा आधार घेत होत्या मुली, आणि त्यांच्या आड येत होती ती मुसलमानांचीच रूढी. तेव्हा ‘मुसलमान असं करतात’ आणि ‘इस्लाम असं सांगतो’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत, हे आधी मनात पक्कं असू द्यावं. अर्थात दर वेळी धर्म निर्दोष आणि रूढी दोषी, असंही नसतं. काही ठिकाणी असमानता थेट धर्मशास्त्रातच आहे आणि ती झाकून काही साधत नाही.

म्हणून कुणी ‘शरियतमध्ये असं आहे’ म्हणालं की पहिला प्रश्न विचारायचा: कुठे? कुराणात असेल तर श्रद्धावंत मुसलमानासाठी ते ईश्वराचं वचन. मात्र कुराणातल्या ६,२०० हून अधिक आयतींपैकी, म्हणजे वचनांपैकी, थेट कायद्याच्या म्हणता येतील अशा जेमतेम काही शे आहेत. हदीसमध्ये असेल, म्हणजे पैगंबर मुहंमद यांच्या उक्ती आणि कृतींच्या नोंदींत असेल, तर ती नोंद किती भरवशाची हे तपासायची शेकडो वर्षांची परंपरा आहे. तिसरा थर फिकहचा. कुराण आणि हदीस यांवरून विद्वानांनी काढलेले नियम म्हणजे फिकह. सुन्नींमध्ये त्याच्या हनफी, मालिकी, शाफई आणि हंबली अशा चार शाखा आहेत आणि शियांची मुख्य शाखा जाफरी. एकाच प्रश्नावर या शाखांची उत्तरं कित्येकदा परस्परविरोधी असतात. चौथा थर आजच्या देशांच्या कायद्यांचा, आणि या सगळ्यांच्या खाली रूढी. स्त्रीच्या आयुष्यावर सर्वांत जास्त परिणाम करणारे नियम तिसऱ्या थरात, म्हणजे फिकहमध्ये आहेत, आणि तो थर जवळजवळ सगळा पुरुषांनी लिहिलेला आहे.

स्वतःचा पैसा

सुरुवात मालमत्तेपासून करतो, कारण इथे कुराण सर्वांत स्पष्ट बोलतं.

सातव्या शतकातल्या अरबस्तानात मुलींना जिवंत पुरण्याची चाल काही टोळ्यांत होती आणि कुराणाने तिचा कडक शब्दांत निषेध केला. मेलेल्या माणसाची विधवाही वारशात मिळाल्यासारखी ताब्यात घेतली जाई, तेही कुराणाने बंद केलं (सूरा म्हणजे अध्याय; सूरा निसा, आयत १९). तरी इस्लामपूर्व काळात स्त्रीला काहीच स्थान नव्हतं हे सरसकट विधान मला पटत नाही. पैगंबरांच्या पहिल्या पत्नी खदीजा या मक्केतल्या श्रीमंत व्यापारी होत्या. मुहंमद यांना त्यांनीच आपल्या मालाच्या तांड्याबरोबर कामाला पाठवलं आणि लग्नाचा प्रस्तावही त्यांच्याकडूनच गेला. हे सगळं इस्लामच्या आधीचं. मात्र खदीजांसारख्या मोजक्या स्त्रियांना जे कर्तबगारीने किंवा घराण्याने मिळत होतं, ते इस्लामने प्रत्येक मुलीचा, बायकोचा आणि आईचा हक्क म्हणून लिहून दिलं, आणि हा बदल फार मोठा होता.

त्याची एक घटना हदीसमध्ये येते. ६२५ साली उहुदच्या लढाईत साद बिन रबी मारले गेले. त्यांच्या भावाने सगळी मालमत्ता ताब्यात घेतली. सादची विधवा आपल्या दोन मुलींना घेऊन पैगंबरांकडे गेली: या मुलींचा बाप तुमच्याबरोबर लढताना गेला, आता यांच्या हाती काहीच नाही, यांची लग्नं कशी व्हायची? त्यानंतर वारशाची आयत उतरली, असं ही नोंद सांगते. पैगंबरांनी त्या भावाला बोलावून सांगितलं की दोन्ही मुलींना मिळून दोन तृतीयांश द्या, विधवेला एक अष्टमांश द्या, उरेल ते तुमचं. हिशेब केला तर भावाच्या वाट्याला चोवीसातले पाच भाग आले. कालपर्यंत सगळंच त्याचं होतं.

नियम थोडक्यात असे. मुलगा आणि मुलगी दोघं असतील तर मुलाला मुलीच्या दुप्पट. नवरा वारला आणि मूल असेल तर बायकोला एक अष्टमांश, मूल नसेल तर एक चतुर्थांश. बायको वारली तर नवऱ्याला याच्या दुप्पट, म्हणजे एक चतुर्थांश किंवा निम्मा. मात्र प्रत्येक ठिकाणी स्त्रीला निम्मंच मिळतं असंही नाही. मृताला मुलगा असेल तर त्याच्या आईला आणि वडिलांना प्रत्येकी एक षष्ठांश मिळतो, दोघांना सारखाच. आईकडून सख्खी असलेली भावंडंही वारस ठरली तर भाऊ-बहीण समान वाटेकरी असतात.

मुलाला दुप्पट का, याचं परंपरेचं उत्तर असं की घर चालवायची जबाबदारी पुरुषाची. बायकोचं खाणं, कपडे, राहायची जागा हे सगळं नवऱ्याने द्यायचं, बायको त्याच्यापेक्षा श्रीमंत असली तरीही. तिची कमाई, तिचा वारसा, तिचे दागिने यांवर नवऱ्याचा काडीचा हक्क नाही. घरखर्चाला तिने हातभार लावला तर तो तिचा मोठेपणा, कर्तव्य नव्हे. इंग्लंडमध्ये विवाहित स्त्रीची मालमत्ता १८७० आणि १८८२ च्या कायद्यांपर्यंत बहुतांशी नवऱ्याच्या ताब्यात जात असे. फिकहमध्ये लग्न झालं म्हणून स्त्रीच्या मालमत्तेचा मालक बदलला, असं कधीच नव्हतं.

हे उत्तर त्या काळाच्या रचनेत नीट बसतं. आज मुलगी कमावते, म्हातारपणी आईवडिलांना तीच सांभाळते, भाऊ एक पैसा देत नाही, अशा घरात ते बसत नाही, आणि हा आक्षेप मुस्लिम समाजाच्या आतूनच घेतला जातो. ट्युनिशियात राष्ट्राध्यक्ष बेजी काइद एसेब्सी यांनी २०१८ साली समान वारशाचा प्रस्ताव मांडला. देशभर वाद झाला आणि तो कायदा होऊ शकला नाही. जुन्या चौकटीत मात्र एक वाट आहे, जिचा वापर आईबाप पुरेसा करत नाहीत. वाटे मृत्यूनंतरच्या मालमत्तेचे ठरलेले आहेत. हयातीत दिलेल्या भेटीला, म्हणजे हिब्याला, ते लागू होत नाहीत. नोमान बिन बशीर यांच्या वडिलांनी त्यांना एकट्याला भेट द्यायचं ठरवलं तेव्हा पैगंबरांनी विचारलं की बाकीच्या मुलांनाही असंच दिलंत का? नाही म्हटल्यावर त्यांनी त्या भेटीला मान्यता दिली नाही. सगळ्या मुलांना सारखं द्या, ही शिकवण तिथून येते.

आणि तरीही प्रत्यक्षात काय होतं? बहिणीने वाटा मागितला की माहेर तुटतं. मग ती ‘खुशीने’ हक्क सोडते. ज्या समाजांत दाढीच्या लांबीवर तासन्‌तास चर्चा होते, तिथे बहिणीच्या वाट्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही, याचा मला मनापासून राग येतो. कुराणात वाट्यांच्या आयतींनंतर लगेचच म्हटलंय की या ईश्वराने घातलेल्या मर्यादा आहेत, आणि त्या ओलांडणाऱ्याला कठोर इशारा दिलाय.

निकाह हा करार आहे

इस्लाममध्ये लग्न हा दोन माणसांमधला करार आहे. एकाने प्रस्ताव द्यायचा, दुसऱ्याने कबूल करायचा, बहुतेक शाखांत दोन साक्षीदार हवेत, आणि मेहेर ठरवायचा. करार म्हटला की अटी आल्या, आणि अटी आल्या की त्या लिहून घेता येतात. हे लक्षात ठेवा, शेवटी पुन्हा लागेल.

मेहेर म्हणजे लग्नात ठरलेली रक्कम किंवा मालमत्ता, आणि तो नवऱ्याने बायकोला द्यायचा असतो. तिच्या वडिलांना नाही, भावाला नाही, तिला. त्याला वरची मर्यादा नाही. पैगंबरांनंतरचे दुसरे खलिफा, म्हणजे राज्यप्रमुख, उमर यांनी एकदा मेहेरवर मर्यादा घालायचं ठरवलं, तेव्हा एका स्त्रीने भर सभेत कुराणाची आयत वाचून दाखवली: बायकोला तुम्ही सोन्याचा ढीग दिला असला तरी त्यातलं काही परत घेऊ नका (निसा, २०). जे ईश्वराने मोकळं ठेवलं त्यावर तुम्ही बंधन कसं घालता? उमर यांनी आपलं म्हणणं मागे घेतलं, अशी ही कथा परंपरेत सांगितली जाते.

मेहेरचे सहसा दोन भाग केले जातात. एक लगेच द्यायचा, दुसरा पुढे, आणि हा दुसरा भाग बायकोच्या फार कामाचा. तलाक झाला की तो ताबडतोब द्यावा लागतो. नवरा वारला तर ते त्याच्या डोक्यावरचं कर्ज ठरतं आणि वारसांत वाटणी होण्याआधी ते फेडावं लागतं. रक्कम भक्कम असेल तर रागाच्या भरात तलाक उच्चारणाऱ्याला ती थांबवते. म्हणूनच मेहेर नावापुरता ठेवणं, किंवा पहिल्याच रात्री ‘माफ कर’ म्हणून बायकोकडून वदवून घेणं, ही तिची फसवणूक आहे. मेहेरमधलं काही बायकोने आपल्या आनंदाने सोडलं तरच नवऱ्याने ते घ्यावं, असं कुराण म्हणतं (निसा, ४).

संमतीबद्दल हदीस स्पष्ट आहेत. खन्सा बिन्त खिदाम या विधवेचं लग्न वडिलांनी तिच्या मनाविरुद्ध लावलं. ती पैगंबरांकडे गेली आणि त्यांनी ते लग्न रद्द केलं. पण फिकहमध्ये आल्यावर चित्र बदलतं. मालिकी, शाफई आणि हंबली शाखांत स्त्रीचं लग्न वलीशिवाय, म्हणजे वडिलांसारख्या पुरुष पालकाशिवाय होत नाही. हनफींमध्ये सज्ञान स्त्री स्वतः करार करू शकते. अल्पवयीन मुलीचं लग्न लावायचा अधिकार बहुतेक जुन्या विद्वानांनी वडिलांना दिला होता. हे खरं आहे आणि आज त्याची भलामण करू नये. आठव्या शतकातले इराकमधल्या कुफ्याचे काझी इब्न शुब्रुमा यांनी मात्र तेव्हाच सांगितलं होतं की अल्पवयीनाचं लग्न लावताच येत नाही. त्यांचं मत हजार वर्षं बाजूला पडून राहिलं. विसाव्या शतकात वेगवेगळ्या देशांनी लग्नाचं किमान वय ठरवायला घेतलं तेव्हा त्यांची आठवण झाली.

चार बायकांची परवानगी ज्या आयतीत आहे (निसा, ३) तिची सुरुवात अनाथांच्या हक्कापासून होते. उहुदनंतर मदिनेत विधवा आणि अनाथ वाढले होते. न्याय करता येणार नाही अशी भीती वाटत असेल तर एकच करा, असं तीच आयत सांगते. पुढे त्याच सूऱ्यात येतं की कितीही इच्छा असली तरी तुम्हाला बायकांमध्ये पूर्ण समानता राखता येणार नाही (निसा, १२९). परंपरागत विद्वान म्हणाले की पहिल्या आयतीतला न्याय खर्चापाण्याचा आणि दुसऱ्या आयतीतला प्रेमाचा, म्हणून परवानगी कायम. इजिप्तचे मुफ्ती, म्हणजे अधिकृत धर्ममत देणारे विद्वान, मुहम्मद अब्दुह यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस याला आव्हान दिलं. बहुपत्नीत्वाने घरोघरी अन्याय होत असेल तर ते रोखायलाच हवं, असं त्यांचं म्हणणं. ट्युनिशियाने १९५६ साली त्यावर सरळ बंदी घातली आणि समर्थनासाठी याच दोन आयती पुढे केल्या.

तलाक

इथे असमानता सर्वांत ठळक आहे. फिकहप्रमाणे पुरुष कारण न देता तलाक देऊ शकतो. स्त्रीला नवऱ्याचं मन वळवावं लागतं किंवा काझीकडे जावं लागतं.

कुराणात तलाकची पद्धत संथ आहे. भांडण झालं तर दोन्ही घरांतला एकेक मध्यस्थ नेमा (निसा, ३५). तरी जमलं नाही तर एकदा तलाक द्या. मग इद्दत, म्हणजे साधारण तीन पाळ्यांचा काळ. त्या काळात बायकोला घराबाहेर काढायचं नाही आणि नवऱ्याला तलाक मागे घेता येतो. असं दोनदा होऊ शकतं, तिसऱ्यांदा परतीची वाट बंद. मग एका दमात तीनदा तलाक म्हणून संसार मोडायची रीत कुठून आली? हदीसमध्ये पैगंबरांचे सोबती इब्न अब्बास यांची नोंद आहे की पैगंबरांच्या काळात, पहिले खलिफा अबू बक्र यांच्या काळात आणि उमर यांच्या सुरुवातीच्या दोन वर्षांत एकदम दिलेले तीन तलाक एकच धरले जात. लोक उतावीळपणा करू लागले म्हणून उमर यांनी ते तीन धरायला सुरुवात केली, म्हणजे पुरुषांना जरब बसावी. जरब बसायची होती पुरुषांना, आणि किंमत मोजली बायकांनी. चारही सुन्नी शाखांत तेच मत रूढ झालं. शियांनी ते कधी मानलं नाही, आणि १३२८ साली वारलेले इब्न तैमिया हे सुन्नी विद्वानही म्हणत राहिले की तीन म्हणजे एकच. इजिप्तने १९२९ साली कायद्याने तसं केलं. भारतात सुप्रीम कोर्टाने तोंडी तिहेरी तलाक २०१७ साली अवैध ठरवला आणि २०१९ साली तो गुन्हा ठरवणारा कायदा आला.

स्त्रीच्या बाजूचा मार्ग म्हणजे ‘खुला’, बायकोने मागून घेतलेली सोडचिठ्ठी. साबित बिन कैस यांची पत्नी पैगंबरांकडे आली आणि म्हणाली, त्यांच्या वागण्यात किंवा धर्मात मी खोट काढत नाही, पण मला त्यांच्याबरोबर राहायचं नाही. पैगंबरांनी विचारलं, मेहेरमध्ये त्यांनी दिलेली बाग परत करशील? ती हो म्हणाली. साबितना बाग परत घेऊन तिला सोडायला सांगण्यात आलं. तिच्याकडे पुरावा मागितला नाही, मारहाण झाली का असं विचारलं नाही. नांदायचं नाही, एवढं पुरलं. पुढे बहुतेक विद्वानांनी खुलासाठी नवऱ्याची संमती लागते असं ठरवलं आणि तिथे ही वाट अरुंद झाली. नवरा अडून बसला की बायको लटकलेली. पाकिस्तानच्या सुप्रीम कोर्टाने १९६७ साली आणि इजिप्तच्या संसदेने २००० साली या जुन्या घटनेचाच आधार घेऊन सांगितलं की नवऱ्याची संमती नसली तरी न्यायालय खुला देऊ शकतं.

नवरा बेपत्ता झाला, खायला घालत नाही, मारतो, अशा वेळी न्यायालयाकडून निकाह मोडून घ्यायचा मार्ग म्हणजे फस्ख. हनफी शाखेत तो इतका आवळलेला होता की बेपत्ता नवऱ्याच्या बायकोने, तो जिवंत असता तर म्हाताऱ्या वयाला पोचला असता तोवर वाट पाहायची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अविभाजित भारतात काही स्त्रियांनी यातून सुटण्यासाठी चक्क धर्म सोडला, कारण धर्म सोडला की निकाह आपोआप मोडतो असं तेव्हा मानलं जाई. त्याने उलेमा, म्हणजे धर्मविद्वान, हादरले. देवबंदच्या मदरशाच्या परंपरेतले अशरफ अली थानवी हे कट्टर परंपरावादी विद्वान. त्यांनी मदिनेच्या मालिकी विद्वानांकडून फतवे मागवले आणि हनफी न्यायालयांनी या बाबतीत मालिकी नियम लावावेत असं मत दिलं. त्यातूनच १९३९ चा मुस्लिम विवाहविच्छेद कायदा झाला. नवरा चार वर्षं बेपत्ता, दोन वर्षं खर्चपाणी नाही, क्रूर वागणूक, अशी कारणं त्यात आहेत. मला ही घटना फार बोलकी वाटते. ‘शरियत बदलत नाही’ असं म्हणणाऱ्या वर्तुळानेच, बायकांनी धर्म सोडून दाखवलेल्या अडचणीपुढे, आपल्या शाखेचा नियम सोडून शेजारच्या शाखेचा घेतला.

मुलांच्या ताब्याबाबत लहान वयात आईचा हक्क आधी, असं सगळ्या शाखा मानतात. किती वयापर्यंत, यावर मतभेद आहेत. पण पैशाचे आणि लग्नाचे निर्णय घेणारा पालक वडीलच, आणि आजच्या अनेक देशांच्या कायद्यांतही हे तसंच राहिलंय.

मारहाण, साक्ष, पडदा

निसा सूऱ्याची ३४ वी आयत पुरुषांना स्त्रियांचे सांभाळकर्ते म्हणते, आणि बायकोच्या गंभीर बेबनावाच्या वेळी आधी समजवा, मग बिछाना वेगळा करा, मग मारा, असं सांगते. अनेक आधुनिक अभ्यासक शेवटच्या पायरीचा वेगळा अर्थ लावतात. परंपरेने मात्र अर्थ मारण्याचाच घेतला आणि सोबत अटी घातल्या: इजा होऊ नये, तोंडावर नको, खूण उमटू नये. त्याच परंपरेत पत्नी आयेशा यांची साक्ष आहे की पैगंबरांनी कधीही कुठल्या स्त्रीवर हात उचलला नाही. मक्केचे आठव्या शतकातले विद्वान अता बिन अबी रबाह यांचं मत होतं की बायको ऐकत नसेल तर नवऱ्याने रागवावं, मारू नये. एवढ्या जुन्या काळात आयत समोर ठेवून एक मान्यवर विद्वान हे म्हणू शकला. म्हणून आज मारहाणीच्या समर्थनाला ही आयत पुढे करणाऱ्याला अडवायला बाहेरचा कुठलाही आधार शोधावा लागत नाही.

‘दोन बायकांची साक्ष एका पुरुषाइतकी’ हे वाक्य सर्रास ऐकू येतं. कुराणात ते उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याच्या संदर्भात आहे (सूरा बकरा, २८२). फिकहने ते बरंच पुढे ताणलं, आणि गंभीर गुन्ह्यांच्या खटल्यांत स्त्रीची साक्षच धरायची नाही इथपर्यंत बहुतेक विद्वान गेले. दुसरीकडे नवऱ्याने बायकोवर व्यभिचाराचा आरोप केला आणि साक्षीदार नसतील तर दोघांनी चार-चार शपथा आणि पाचवी शापवाणी उच्चारायची. तिथे तिची शपथ त्याच्या शपथेइतकीच वजनदार आहे आणि तिने शपथ घेतली की शिक्षा टळते. बाईच्या चारित्र्यावर आरोप करून चार साक्षीदार आणता आले नाहीत, तर आरोप करणाऱ्यालाच ८० फटके. इज्जतीच्या नावाखाली मुलीचा खून करणाऱ्या बाप-भावाला कुराणात आधार मिळत नाही, हे इथे दिसतं.

पोशाखाबद्दलची आयत (सूरा नूर, ३१) बायकांना ओढणी छातीवर घ्यायला सांगते. तिच्या आधीची आयत पुरुषांना नजर खाली ठेवायला सांगते, तिची आठवण फारशी कुणी करून देत नाही. केस झाकणं आवश्यक, हे जुन्या विद्वानांचं जवळपास एकमुखी मत. चेहरा झाकण्यावर मतभेद आहेत. न झाकणाऱ्या स्त्रीला इहलोकातली कुठली शिक्षा मात्र कुराणात सांगितलेली नाही. इराणचा सक्तीचा कायदा आणि फ्रान्सची २००४ ची शाळांतली बंदी, दोन्ही सरकारांनी घेतलेले निर्णय आहेत, आणि दोन्हीत जिच्या डोक्यावरच्या कापडाचा प्रश्न आहे तिला विचारलेलं नाही.

मुलींची सुंता कुराणात नाही. आफ्रिकेच्या काही भागांत ती ख्रिस्ती समाजातही चालते. इजिप्तच्या मुफ्तींनी २००७ साली एका मुलीचा त्यात जीव गेल्यानंतर ती निषिद्ध असल्याचं जाहीर केलं.

विद्येची परंपरा

पैगंबरांच्या पत्नी उम्मे सलमा यांनी एकदा विचारलं की कुराणात पुरुषांचा उल्लेख येतो तसा आमचा का येत नाही? त्यानंतर अहजाब सूऱ्याची ३५ वी आयत उतरली, असं परंपरा सांगते. श्रद्धाळू पुरुष आणि श्रद्धाळू स्त्रिया, सत्यवचनी पुरुष आणि सत्यवचनी स्त्रिया, अशा दहा जोड्या त्यात आहेत आणि शेवटी दोघांनाही एकच फळ.

आयेशा यांच्याकडून २,२१० हदीस आल्याचं मोजलं जातं. त्या पैगंबरांच्या सोबत्यांच्या चुका दाखवत, फतवे, म्हणजे धर्ममतं, देत. अबू बक्र यांच्या काळात एकत्र केलेली कुराणाची लिखित पानं पुढे उमर यांच्या मुलीकडे, हफ्सा यांच्याकडे होती. तिसरे खलिफा उस्मान यांनी प्रमाण प्रती तयार करवल्या तेव्हा ती पानं त्यांच्याकडूनच मागवली. अकराव्या शतकात करीमा अल-मरवजिया मक्केत बुखारींच्या हदीससंग्रहाचे धडे देत आणि मोठमोठे पुरुष विद्वान त्यांच्यापुढे बसून शिकत. हदीस सांगणारी स्त्री एकटी असली तरी तिचा शब्द पुरेसा मानला गेला. बाजारातल्या उधारीसाठी दोन बायका लागतात आणि पैगंबरांचं वचन पुढे न्यायला एक पुरते, हा पेच फिकहने कधी नीट सोडवला नाही असं मला वाटतं.

अफगाणिस्तानात तालिबानने २०२१ नंतर मुलींच्या माध्यमिक शाळा बंद केल्या आणि डिसेंबर २०२२ मध्ये विद्यापीठंही. तेव्हा कैरोच्या अल-अजहरचे प्रमुख अहमद अल-तय्यब यांनी हा निर्णय शरियतच्या विरोधात आहे असं जाहीरपणे सांगितलं. सुन्नी जगातल्या सर्वांत मोठ्या विद्यापीठाचा शब्द काबूलमध्ये चालला नाही, कारण तिथे निर्णय धर्माच्या अभ्यासाने होत नव्हता, बंदुकीने होत होता.

हातात असलेलं साधन

इंडोनेशियात २०१७ साली चिरेबोनला उलेमा स्त्रियांची परिषद भरली आणि तिने बालविवाह रोखणं हे धार्मिक कर्तव्य असल्याचा फतवा दिला. २०१९ मध्ये तिथल्या कायद्याने मुलींच्या लग्नाचं किमान वय १६ वरून १९ केलं. ही वाट लांबची आहे आणि बऱ्याच देशांत अजून कुणी तिच्यावर चालायला लागलेलं नाही.

पण निकाहच्या करारात अट घालायची सोय आजही आहे आणि तिला कुणाच्या नव्या फतव्याची गरज नाही. कैरवान या ट्युनिशियातल्या शहरात शेकडो वर्षांपूर्वीपासून करारातच लिहिलं जाई की नवऱ्याने दुसरी बायको केली तर पहिलीला सुटायचा अधिकार. हंबली विद्वान अशा अटी मानण्यात सर्वांत उदार. हनफी तितके नाहीत, पण त्यांच्याकडे तफवीज आहे: नवरा आपला तलाकचा अधिकार बायकोला देऊन ठेवतो आणि ठरलेल्या परिस्थितीत ती तो स्वतः वापरू शकते. दुसरं लग्न, मारहाण, ठरावीक महिने खर्चपाणी न देणं, शिक्षण किंवा नोकरी अडवणं, यांतलं काहीही त्या परिस्थितीत लिहिता येतं. बहुतेक निकाहनाम्यांत ही जागा रिकामी राहते, कारण मंडपात अटींचं नाव काढणं अशुभ मानलं जातं, आणि मुलीला तो कागद सही करण्यापुरताच दाखवतात. लग्नानंतर ही अट घालायची तर नवरा राजी व्हावा लागतो. सहीच्या आधी घालायची तर तिची स्वतःची संमती अजून तिच्याच हातात असते, म्हणून मेहेरच्या रकमेबरोबर तफवीजचा मजकूरही बोलणी चालू असतानाच, तारीख ठरण्याच्या आधी लिहून घ्यावा.